दोन्ही बाजूंचा हिशेब

बेळगावच्या रविवार पेठेत एका धान्याच्या दुकानात अण्णांनी उभं आयुष्य दिवाणजी म्हणून कीर्द लिहिली. थोरली मुलगी लग्न होऊन बेंगळुरूला कोरमंगलात गेली. पुढे धाकटा इंजिनियर झाला आणि तिच्याच घरी राहून तिथल्या एका स्टार्टअपमध्ये लागला. फ्लिपकार्टची सुरुवात २००७ साली याच कोरमंगलातल्या एका फ्लॅटमधून झालेली. रात्र रात्र जागून काम करणाऱ्या पोरांचं तिथे कौतुकच होतं.

त्यामुळे एका उन्हाळ्यात मुलगा दोन-तीन तास झोपूनही ताजातवाना उठू लागला, तेव्हा कुणाला काही खटकलं नाही. तो भराभर बोलायचा, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी मारायचा. कुणी मध्ये बोललं तर भडकायचा. क्रेडिट कार्डावर त्याने तीन लॅपटॉप घेतले आणि न सुरू झालेल्या कंपनीसाठी ऑफिसची जागाही बघून ठेवली. ऑफिसात साहेब खूश होते. ताईने अण्णांना फोनवर सांगितलं, "पोरगं मोठं नाव काढणार."

पावसाळ्यात तोच मुलगा अंथरुणाला खिळला. अंघोळ नाही, जेवण नाही. "ताई, माझा काही उपयोग नाही गं," एवढंच म्हणायचा. ताईने त्याला जवळच्या एका डॉक्टरांकडे नेलं. उदासी, भूक, झोप, सगळं सांगितलं. उन्हाळ्याबद्दल डॉक्टरांनी विचारलं नाही आणि या दोघांनीही सांगितलं नाही. ते तर चांगले दिवस होते, आजारात कशाला धरायचे? नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन आठवड्यांत मुलगा उठला, पण उठला तो थेट उन्हाळ्यातल्यासारखा. "मी बरा झालो," म्हणत त्याने गोळ्या टाकून दिल्या. पहाटे तीनला ऐंशी फुटी रस्त्यावर फिरायला निघायचा. पंधरवड्याने पुन्हा कोसळला.

या वेळी तोच म्हणाला, "ताई, मी खूप वाचलंय. मला बायपोलर असेल का?"

ताईने बेळगावला फोन लावला. मुलाला निम्हान्स या मनाच्या आजारांच्या रुग्णालयात न्यायचं ठरलं. अण्णा राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रातोरात निघाले. निघताना एका नातेवाइकाने बजावलं, "निम्हान्समध्ये नाव लागलं की पोराला मुलगी कोण देणार?" दुसऱ्याने देवऋषी सुचवला.

मुलाने अण्णांनाही तोच प्रश्न विचारला. अण्णा म्हणाले, "आजाराला नाव ठेवणं आपलं काम नव्हे, ते डॉक्टर ठेवतील. आपण हिशेब पुरा द्यायचा. नुसती नावेची बाजू वाचून खातं कधी कळलंय का? जमाही बघावी लागते."

त्यांनी एक वही घेतली आणि पानावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला पडलेले दिवस, दुसऱ्या बाजूला चढलेले. बँकेच्या मेसेजमधून खर्चाच्या तारखा मिळाल्या. रात्री दोन-तीनला पाठवलेल्या व्हॉट्सअ‍ॅपवरून झोपेचा अंदाज आला. कधी किती बोलला, कुणाशी भांडला, जीव नकोसा झाल्याचं कधी बोलला, हे ताईने आठवून सांगितलं. गोळ्या कधी सुरू झाल्या, कधी सुटल्या तेही लिहिलं.

शेवटी एक ओळ उरली. अण्णांचा धाकटा भाऊ कधी दोन दिवसांत शेत विकायला निघायचा, तर कधी महिना महिना अंधाऱ्या खोलीत पडून राहायचा. घरात हा विषय कुणी काढत नसे. अण्णा बराच वेळ थांबले. मग तेही त्यांनी लिहिलं.

होसूर रोडवरचं निम्हान्स कोरमंगलाहून रिक्षाने जाण्याइतकं जवळ आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढला. आधी एका निवासी डॉक्टरांनी मुलाशी आणि घरच्यांशी वेगवेगळं बोलून सविस्तर माहिती घेतली. मग वरिष्ठ डॉक्टरांनी वही वाचली. त्या म्हणाल्या, "या आजाराचं निदान करणारी रक्ताची तपासणी नाही. थायरॉइडसारखी दुसरी कारणं नाहीत ना, एवढं रक्तावरून पाहता येतं. निदान होतं ते माणसाच्या इतिहासावरून. किमान दोन आठवडे टिकलेलं नैराश्य आणि आठवडाभर किंवा जास्त टिकलेला उन्माद, दोन्ही इथे दिसताहेत. रुग्ण बहुधा खचल्यावरच येतो आणि चढलेले दिवस सांगायचे राहतात. मग एकट्या नैराश्याच्या गोळ्या दिल्या जातात आणि त्यांनी काहींचा उन्माद उसळतो. ही ओळ लिहिलीत तेही बरं केलंत." त्यांचं बोट काकांच्या ओळीवर होतं.

बायपोलर असल्याचं निदान झालं. मूत्रपिंड आणि थायरॉइड तपासून लिथियम सुरू झालं. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९४९ साली उन्मादावर त्याचा गुण दाखवून दिला होता. रक्तातलं त्याचं प्रमाण वेळोवेळी तपासायचं, पाणी भरपूर प्यायचं, मीठ एकाएकी तोडायचं नाही, विचारल्याशिवाय अंगदुखीच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत आणि बरं वाटलं म्हणून औषध सोडायचं नाही, हे सगळं समजावून सांगितलं.

घरी आल्यावर तिघांनी मिळून आणखी एक पान लिहिलं. सलग दोन रात्री झोप पाच तासांच्या खाली गेली, तर कार्ड ताईकडे द्यायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा. मन फार खचलं तर टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावायचा. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. या पानावर मुलाने स्वतः सही केली.

मुलगा आता कामावर जातो. साहेबांना रात्री अकरानंतर फोन उचलणार नाही असं त्याने सांगून टाकलं आहे. अधूनमधून त्याचं मन खचतं, पण त्याची नोंद वहीत होते आणि वेळेवर औषधात बदल होतो. नातेवाइकांना अण्णा एकच उत्तर देतात, "मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सांगतो की विमा कंपन्यांनीही या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरावं. मग आपण का वेगळं धरायचं?"

तात्पर्य : डॉक्टरांपासून लपवलेली अर्धी गोष्ट आजाराच्या पथ्यावर पडते. म्हणून मनाच्या आजारासाठी जाल तेव्हा दुःखाइतकेच उधाणाचे दिवसही सांगा, घराण्यात असं कुणी होतं का तेही सांगा, आणि ते दिवस पाहिलेलं एक माणूस सोबत न्या.