भाकरी आणि त्रिशरण



गेल्या महिन्यात शाळा सुटल्यावर एक गृहस्थ मला भेटावयास आले. चाकणच्या एका कारखान्यात ते कंत्राटी कामगार आहेत. मूळ गाव मराठवाड्यात. पत्नी वारून वर्ष झाले. एका आठवड्यात दिवसपाळी, तर दुसऱ्यात रातपाळी. रातपाळी असली की नऊ वर्षांच्या मुलाला खोलीत झोपवून, बाहेरून कडी लावून ते कामावर जातात. "गुरुजी, आपल्या समाजाचा एखादा बालकाश्रम असेल तर पोराला तिथं घाला," ते म्हणाले. थोडा वेळ गप्प राहिले आणि मग हळूच म्हणाले, "आम्हाला दीक्षा घेऊन दोनच वर्षं झालीत. पोराला अजून त्रिशरण पाठ नाही. त्यापायी त्याला तिथं भाकर नाकारतील का?"

मी "नाही" म्हणालो. पण ज्याने अशी दीक्षा घेतली आहे त्याच्या मनात ही भीती यावीच का? हा प्रश्न मनातून जाईना, म्हणून आज तो तुमच्यापुढे मांडतो आहे. धम्माच्या नावाने चालणारे बालगृह एका हाताने भाकरी देते आणि दुसऱ्या हाताने त्रिशरण देते. यातले एक दुसऱ्याची किंमत होऊ लागले, तर त्या घराला धम्माचे घर म्हणता येईल काय?

आपला इतिहास आठवून पाहा. १९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा झाली. मधली एकवीस वर्षे बाबासाहेब धर्म तपासत होते. पदरात काय पडेल एवढाच प्रश्न असता, तर एकवीस वर्षे थांबण्याचे कारण नव्हते. दीक्षा घेतल्यावर आपल्या लोकांच्या पदरात काय पडले? अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून राज्यापुरत्या त्या दिल्या. केंद्राच्या सवलती मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. म्हणजे चौतीस वर्षे एका पिढीने नोकरी आणि शिष्यवृत्ती यांचे नुकसान सोसले, पण बुद्ध सोडला नाही. "हे लोक भाकरीसाठी धर्म बदलतात" असे कोणी म्हणाले, तर या चौतीस वर्षांकडे बोट दाखवून आपण ताठ मानेने उत्तर देऊ शकतो. मात्र ज्या दिवशी आपल्याच बालगृहात उपाशी पोराला "आधी वंदना म्हण, मग ताट घे" असे सांगितले जाईल, त्या दिवशी हे उत्तर देण्याचा अधिकार आपण गमावू.

आणखी मागे जा. आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे येसकरपाळी करीत. गावाची कामे करायची आणि संध्याकाळी दारोदार फिरून भाकरतुकडा गोळा करायचा. त्या भाकरीची खरी किंमत घामापेक्षा मोठी होती. ती होती खाली घातलेली मान. या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात विधेयक आणले. ते वतन अखेर १९५८ च्या कायद्याने गेले. गावच्या पाटलाने घातलेली अट आपण मोडली. तीच अट नवे रूप घेऊन आपल्या संस्थेच्या स्वयंपाकघरात शिरू नये.

तथागतांनी काय केले ते पाहू. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातील एका गरीब शेतकऱ्याची कथा आहे. त्याचा बैल हरवला होता. दिवसभर रानात बैल शोधून तो उपाशीपोटीच उपदेश ऐकायला आला. सारी सभा बसलेली असताना भगवंत बोलले नाहीत. आधी त्या माणसाला जेवू घालण्यास त्यांनी सांगितले, आणि तो जेवून शांत झाल्यावर उपदेश केला. भिक्खूंना याचे नवल वाटले. तेव्हा भुकेएवढे मोठे दुःख नाही, असे भगवंतांनी त्यांना समजावले. त्या शेतकऱ्याला कोणी काही कबूल करावयास लावले नव्हते. अन्न भुकेसाठी होते. धम्म ऐकायला तो स्वतःच्या पायांनी आला होता.

दुसरी गोष्ट राहुलाची. तो सात वर्षांचा असताना त्याला प्रव्रज्या देण्यात आली. आजोबा शुद्धोदन यांना फार दुःख झाले. त्यांनी भगवंतांना विनंती केली आणि तेव्हापासून आईवडिलांच्या अनुमतीवाचून कोणाही मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम विनयात आला. बुद्धांच्या स्वतःच्या मुलाच्या बाबतीतही एका आजोबाचे दुःख ऐकून नियम केला जातो, याहून मोठा दाखला कोणता? आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ मध्येही हेच तत्त्व आहे. सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही संमतीवाचून धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सामील व्हावयास लावता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. दुसऱ्यांच्या शाळेत आपल्या मुलासाठी जे संरक्षण आपण मागतो, ते आपल्या दारात आलेल्या मुलाला नाकारून कसे चालेल?

कोणी विचारील, "गुरुजी, मग ते बालगृह धम्माचे कशाला म्हणायचे? नुसती खाणावळ काढा!" हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. माझे उत्तर असे : धम्म शिकवा, उघडपणे शिकवा. पंचशील समजावून सांगा. बावीस प्रतिज्ञा का घेतल्या, त्यांमागे कोणते अपमान होते, ते सांगा. पण मुलाला प्रश्न विचारू द्या. कालामांना तथागतांनी जे सांगितले त्याचा आशय हाच, की परंपरेने आले किंवा गुरूने सांगितले एवढ्यासाठी काही स्वीकारू नका. मुलाची आजी देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक अजून पुजत असेल, तर त्या आजीचा तिरस्कार त्याला शिकवू नका. वैशालीचा सेनापती सिंह निगंठांना सोडून बुद्धांचा उपासक झाला, तेव्हा निगंठांना चालू असलेले दान बंद करू नकोस, असेच भगवंतांनी त्याला सुचवले. प्रतिज्ञा जाणत्या वयात, समजून घ्यायची असते. आजारी पोराच्या उशाशी रात्रभर कोण बसले, हे पाहूनच मूल त्या घराचा धम्म ओळखते.

आता स्वावलंबनाविषयी. 'मुलांना स्वतःच्या पायांवर उभे करतो' असे प्रत्येक संस्था सांगते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत आणि कामेही मिळून करीत. मुलांच्या अन्नासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले. तेथे मुले राबत होती, पण चालकांनी त्याआधी आपले सर्वस्व दिले होते. बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढले, तेही मुलांना शिकता यावे म्हणून.

आपला पट्टा कारखान्यांचा आहे. पिंपरी, भोसरी, चाकण येथे यंत्र हाताळणाऱ्या हातांना मागणी आहे. म्हणून 'हुनर शिकवतो' या नावाखाली मुलांकडून माल काढून घेण्याचा मोह येथे मोठा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने १४ वर्षांखालील मुलाला कामाला लावणे, मोजके अपवाद सोडता, सर्वत्र निषिद्ध केले आहे आणि १८ पर्यंत धोक्याची कामे निषिद्ध आहेत. पण कायद्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा : उद्या मुलांनी हे काम थांबवले, तर नुकसान कोणाचे होईल? मुलाचे शिकणे थांबत असेल, तर ते शिक्षण होय. संस्थेची मिळकत थांबत असेल, तर ती वेठबिगार होय. स्वतःचे ताट घासणे, भाजीचा वाफा राखणे, हिशेब लिहिणे, वायरिंग शिकणे हे सर्व चांगले. पण १८ वर्षांचा होऊन तो मुलगा बाहेर पडेल, तेव्हा संस्थेवाचून जगता आले पाहिजे आणि गरज पडली तर संस्थेच्या चालकाला "तुमचे चुकते" असे सांगता आले पाहिजे. तथागतांनी अखेरच्या काळात शिष्यांना स्वतःच्याच आधाराने उभे राहण्यास सांगितले, ते यासाठीच.

आणि संस्थेचे स्वावलंबन? आपल्या दापोडीत महाविहार आहे. त्रैलोक्य बौद्ध महासंघाच्या प्रेरणेने 'बहुजन हिताय'ची वसतिगृहे उभी राहिली. त्यांच्यासाठी १९८० पासून इंग्लंडमधील बौद्धांनी तेथल्या घरोघरी जाऊन निधी जमवला. त्या अनोळखी माणसांचे ऋण आपण मान्यच केले पाहिजे. पण आपल्या लेकरांच्या भाकरीसाठी परक्या गल्लीतली दारे किती वर्षे ठोठावली जावीत? उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्याला द्यावा, असे बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात सांगितले होते. महिना वीस हजार मिळवणाऱ्याचे ते एक हजार होतात. मुलांना स्वावलंबन शिकवण्याआधी हा धडा आपण मोठ्यांनी गिरवायचा आहे.

मुलाला कुठे ठेवायचे झाले, तर दोन गोष्टी अवश्य पाहा. २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली त्या घराची नोंदणी आहे ना, आणि मुलाला बाल कल्याण समितीपुढे नेले जाते ना? मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असे हाच कायदा सांगतो. म्हणून त्या गृहस्थांना मी आधी विचारले, "मुलाला खरोखर आश्रम हवा आहे, की तुमच्या रातपाळीपुरता आसरा?" ते म्हणाले, "रातपाळीचीच काळजी आहे, गुरुजी. नाहीतर पोराला दूर कोण लोटील?"

त्या रविवारी विहारात हा विषय निघाला. चार घरांनी पाळ्या वाटून घेतल्या. रातपाळीच्या आठवड्यात मूल त्यांच्यापैकी एकाकडे जेवते, अभ्यास करते आणि झोपते. खोलीची बाहेरची कडी आता लागत नाही. त्रिशरण त्याला अजून पाठ नाही. जेवायला बसताना ते त्याला कोणी विचारीतही नाही.

तुमच्या वस्तीत अशी कडी लागलेली खोली आहे काय, एवढे पाहा.

जय भीम!