घटाकाश आणि सच्छिद्र भुकटी

घडा फुटला की आतले आकाश बाहेरच्या आकाशात मिळते आणि काहीच उणे होत नाही, हा अद्वैत वेदान्ताचा दृष्टान्त. मला तो अपुरा वाटतो, आणि त्याला कारण एक पांढरी भुकटी आहे. 1992 साली मोबिल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी साबणाच्या जातीच्या रेणूंचे पाण्यात पुंजके होऊ दिले, त्यांच्याभोवती सिलिका जमवली आणि सुमारे 540 अंशांवर तापवून ते रेणू जाळून टाकले. त्या भुकटीत रेणूंच्या जागी उरली फक्त पोकळी, काही नॅनोमीटर रुंदीची. रेणूची शेपटी लांब घेतली की पोकळीही रुंद होते. मूर्तिकार मेण वितळवून धातू ओततो तसेच हे, फक्त इथे रिकामी जागा भरायची नसते, ती जपायची असते. 1998 मध्ये टायटॅनियम, झिर्कोनियमच्या ऑक्साइडांनाही हीच रीत लागू पडली.

कोणी म्हणेल, काम भिंत करते, पोकळी नव्हे. पण तीच सिलिका भरीव असती तर एका ग्रॅमला हजारभर चौरस मीटर पृष्ठभाग कुठून मिळाला असता? वेदान्ती म्हणेल, हे सारे व्यवहारातले सत्य. मान्य, पण सुरतेत, जिथे कापड रंगते, तिथे पाणीही व्यवहारातच मैले होते. उपाधी, म्हणजे घड्यासारखी मर्यादा घालणारी वस्तू, गळून पडली तरी तिचे माप मागे राहते, आणि ते माप खरे आहे. त्या मैल्या पाण्यातून टायटॅनियम ऑक्साइडच्या अशा पोकळ्यांत शिरलेला रंगाचा रेणू अतिनील प्रकाशात तुटतो.