घाईचा हिशेब

कॅमेरा कुठे लावलाय हे सांगणारा माणूस आपल्याकडे परोपकारी समजला जातो. दुपदरी रस्त्यावर समोरून येणारा ट्रकवाला दोनदा डिपर देतो, पुढे मामा उभे आहेत हे कळतं आणि पाय आपसूक वर येतो. त्या अनोळखी माणसाबद्दल तेव्हा जी कृतज्ञता वाटते, ती रस्त्यावर एरवी कुणाबद्दलच वाटत नाही. लग्नाच्या पंगतीत आणि ऑफिसच्या चहाला हे ज्ञान हातोहात फिरतं. ‘बोगदा संपला की लगेच आहे, बघ.’ ‘उतारावर जपून, तिथे हमखास धरतात.’ मलाही हे सांगितलं जातं आणि मीही ते पुढे सांगतो.

चलान कसं टाळायचं, या विषयात आपल्यापैकी बरेच जण पारंगत आहेत. मोबाइलमधला नकाशा पुढच्या कॅमेऱ्याची सूचना देतो. कॅमेऱ्याच्या अलीकडे ब्रेक दाबायचा आणि पलीकडे अॅक्सिलरेटर. रस्त्यात अडवलंच तर ओळखीच्या साहेबांना फोन, नाहीतर तोडपाणी. घरबसल्या चलान आलं तर लोकअदालतीपर्यंत थांबायचं, तिथे कमी होतं म्हणतात. या युक्त्या एकापुढे एक मांडून पाहिल्या की एक गोष्ट लक्षात येते : वेग कमी करणं सोडून बाकी सगळं यात आहे. वेग मर्यादेत असेल तर यातली एकही युक्ती लागत नाही, हे शाळेतल्या मुलालाही कळेल. तरी आपण युक्त्याच शोधतो. म्हणजे मला काय टाळायचंय, हा प्रश्न मी स्वतःला नीट विचारलेलाच नसतो.

आधी माझी बाजू. चलानाबद्दलच्या सगळ्या तक्रारी खोट्या नाहीत. मर्यादेचा फलक कधी झाडाआड असतो, कधी ८० वरून एकदम ५० वर आणतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली आलेला १६७ अ हा नियम सांगतो, की जिथे कॅमेऱ्याने देखरेख होते तिथे चालकाला दिसेल असा इशाऱ्याचा फलक हवा आणि चलानाची सूचना ठरावीक मुदतीत मिळायला हवी. हा नियम पाळला जावा असं म्हणण्याचा मला हक्क आहे. पण तो नियम मला कधी आठवतो? स्वतःच्या मोबाइलवर चलानाचा मेसेज आल्यावर. शेजाऱ्याला चलान आलं की ‘बरं झालं, फार पळवतो तो’ एवढंच सुचतं. न्यायाची चाड आहे म्हणावी, तर ती दोन्हीकडे सारखी असायला नको का?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर या युक्त्यांची खरी परीक्षा होते. कळंबोलीपासून किवळ्यापर्यंत ९४.५ किलोमीटरचा हा रस्ता. मोटारींना सपाटीवर ताशी १०० ची मर्यादा, घाटात ६० ची. २०२४ पासून इथे नवी यंत्रणा आहे. ती एका जागी गाडीचा वेग टिपते आणि दोन जागांमधल्या प्रवासाला किती वेळ लागला, त्यावरून सरासरी वेगही काढू शकते. म्हणजे कॅमेऱ्यापुरता ब्रेक मारायची जुनी विद्या इथे पुरत नाही. ‘इथे काय करत होतास’ एवढ्यावर न थांबता यंत्र आता विचारतं, ‘मधल्या सगळ्या वाटेत कसा वागलास?’

त्यावरही उतारा निघालाच. मधे थांबायचं, वडापाव खायचा, चहा घ्यायचा. सरासरी आपोआप खाली येते. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. मग जाणवलं की हा हिशेब माझ्या ओळखीचा आहे. वर्षभर हवं तसं वागून श्रावण कडक पाळणाऱ्यांत मी वाढलो. एकीकडची उणीव दुसरीकडे भरून काढता येते, ही समजूत आपल्या अंगात इतकी मुरली आहे की रस्त्यावरही तिचा मोह होतो. आता एवढा नेम पाळतोय, मग मघाशी थोडं पळवलं तर कुठे बिघडलं?

बिघडतं ते असं. ताशी १०० ने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते आणि १२० ने जाणारी ३३ मीटर. समोर काही आडवं आलं, ते दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला आणि रस्ता कोरडा, टायर-ब्रेक चांगले असं धरलं, तरी १०० ची गाडी पूर्ण थांबायला सुमारे ९५ ते १०० मीटर लागतात. जिथे ती थांबते, त्याच जागी १२० ची गाडी अजून ताशी ७५ च्या आसपास असते. मर्यादेच्या वर फक्त वीस, असं आपण म्हणतो. त्या विसाचा अर्थ असा, की एकाची गाडी वेळेत थांबते आणि दुसऱ्याची ७५ च्या वेगाने आदळते. पुढे जाऊन प्यायलेल्या चहाने यातलं काहीही भरून निघत नाही. यंत्राला सरासरी चालते, पण समोर आडव्या आलेल्या माणसाच्या वाट्याला त्या क्षणीचाच वेग येतो.

आणि हे सगळं कशासाठी? घाट वगळून ८० किलोमीटर सपाट रस्ता धरला, तर १०० ने ४८ मिनिटं लागतात आणि १२० ने ४०. वाचली आठ मिनिटं, तीही रस्ता पूर्ण मोकळा असेल तर. ती आठ मिनिटं पुढे वाकडच्या नाहीतर वाशीच्या कोंडीत कुठे जिरतात, हे या रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात त्या वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेल्याची नोंद आहे. त्यातले ७० टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या सदरात आहेत. पोलिसांच्या नोंदीत ‘अतिवेग’ या सदरात बरंच काही ढकललं जातं, हे मान्य. पण तेवढी सूट दिल्यावरही आकडा मला मोकळं सोडत नाही. जुलै २०१९ पासून बनलेल्या प्रत्येक मोटारीत वेग ८० च्या वर गेला की बिप वाजतो आणि १२० च्या वर गेला की तो थांबतच नाही. हा बिप कसा बंद करायचा, असं मेकॅनिकला विचारणारे कमी नाहीत. मी तेवढं करत नाही, गाण्याचा आवाज वाढवतो. दोन्हींत फरक किती, हे माझं मला ठाऊक आहे.

इथवर सगळं स्टेअरिंगवर बसलेल्या माणसाबद्दल झालं. पण मोटार वाहन कायद्याचं कलम १८३ मुळातून वाचलं तेव्हा मी अधिक अडचणीत आलो. हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये दंड, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच कलमात असंही आहे, की जो स्वतः वेगाने चालवतो तो दोषी आहेच, पण आपल्या नोकरीतल्या किंवा आपल्या हाताखालच्या माणसाला तसं चालवायला लावणाराही दोषी आहे. आणि वेग मर्यादेत ठेवून जिथे वेळेत पोचणं शक्य नाही, असं वेळापत्रक कुणी छापलं किंवा तशी सूचना दिली, तर ते त्याच्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा धरलं जाईल.

१९८८ च्या कायद्यातली ही ओळ आपल्या गप्पांत कधी येत नाही. येणार कशी? तिच्यात आपण सापडतो. घरून निघायला मीच उशीर करायचा, मागच्या सीटवर बसायचं आणि म्हणायचं, ‘दादा, जरा ओढा की, साडेनऊची फ्लाइट आहे.’ दादा ‘हो साहेब’ म्हणतात. दुसरं काय म्हणणार? भाड्याची गाडी असेल तर चलान नंतर कधीतरी मालकाकडे येतं आणि दादांच्या पगारातून कापलं जातं. मी तोवर घरी पोचलेलो असतो. पार्सल दहा मिनिटांत हवं असतं, ते अकराव्या मिनिटाला आलं नाही की मी फोन करतो, ‘कुठपर्यंत आलात?’ तो पोरगा एका हाताने मोटरसायकल सांभाळत मला उत्तर देतो. कुठलाही कॅमेरा माझा फोटो काढत नाही. माझ्या नावावर एकही चलान नसेल, पण माझ्या घाईची चलानं कुणाकुणाच्या नावावर आहेत?

चलान टाळण्याचा मार्ग म्हणून विचारलं, तर उत्तर साधं आहे. उजवी लेन ओव्हरटेकपुरती, बाकी मधली. क्रूझ कंट्रोल असेल तर तो मर्यादेच्या थोडा खाली. घाटात उतरताना ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये, म्हणजे गाडी इंजिनावर आवरली जाते, ब्रेक तापत नाहीत आणि ६० ओलांडलं जात नाही. मागून कुणी दिवे मारत अंगावर आलं तर डावीकडे सरकायचं, त्याच्याशी चढाओढ नको. आणि या सगळ्याच्या आधी, घरातून लवकर निघायचं. कारण वेग पायाने वाढतो, पण तो ठरतो त्याआधीच, दाराशी चपला घालताना घड्याळ बघतो तेव्हा. तिथे चूक झाली की पुढे पायाला दोष देण्यात अर्थ नाही.

मग लवकर निघणं इतकं जड का जातं? स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा आत सापडली ती लाज, पण चुकीच्या जागी बसलेली. ‘मला अर्धा तास उशीर होईल’ हा फोन करायला मी कचरतो. उशिरा पोचणाऱ्याला सगळे विचारतात, ‘काय हो, इतका वेळ?’ आणि कुणी सांगितलं, ‘पुण्याहून दोन तासांत दादरला आलो,’ तर भुवया उंचावतात त्या कौतुकाने. त्या दोन तासांत तो कसा आला असेल, वाटेत कुणाच्या किती जवळून गेला असेल, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलेलं नाही. उलट माझ्याच तोंडून ‘वा!’ निघालेला आहे. तो ‘वा!’ ऐकण्यासाठी माणसं पळतात, आणि तो देणाऱ्यांत मी असतो.

म्हणून कॅमेरा कुठे आहे हे यापुढे मी कुणाला सांगणार नाही. चलान आलं आणि ते बरोबर असेल, तर भरेन, लोकअदालतीची वाट पाहणार नाही. चुकीचं असेल तर रीतसर तक्रार करेन, ओळख काढणार नाही. मागच्या सीटवर बसलो तर ‘ओढा’ म्हणणार नाही, आणि चुकलीच फ्लाइट तर ती माझी चुकेल, दादांची नाही. आणि पुढच्या वेळी कुणी दारात येऊन ‘दोन तासांत आलो’ म्हणाला, तर ‘वा’ न म्हणता विचारेन, ‘निघायला उशीर झाला होता का?’ त्याला राग येईल कदाचित. येऊ दे. हाच प्रश्न मला कुणी वेळेवर विचारला असता, तर मलाही आला असता.