मंडईतली हिरोईन

नटीच्या कारकिर्दीचा आपण नकळत एक जिना करून टाकतो: खालच्या पायरीवर नाटक, वरच्या पायरीवर सिनेमा. रोहिणी हट्टंगडींनी कितीही नाटकं केलेली असोत, बहुतेकांना आधी ‘गांधी’मधली कस्तुरबाच आठवते. भंडारा जिल्ह्यात मात्र हा जिना कामाला येत नाही.

दिवाळी सरून धान घरात येऊ लागलं की साकोली, लाखनी, लाखांदूरकडच्या गावांत मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते. लेकी-जावई येतात, सोयरिकी निघतात, दिवसा दंडार हे लोकनाट्य होतं आणि रात्री नाटक. पुढे शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, निमित्तानेही नाटकं लागतात. लाखांदूरजवळचं वडसा हे या झाडीपट्टी रंगभूमीचं मुख्य ठाणं. रात्री उशिरा उघडलेला पडदा पहाटेपर्यंत पडत नाही. पोस्टरवर कधी मुंबईच्या पाहुण्या कलावंताचा फोटो मोठा असतो. म्हणजे पडद्यावरची माणसंच इथे नाटकाकडे येतात. पण रात्र ओढून नेते ती इथलीच हिरोईन. तिला गाता यावं लागतं, थंडीत शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावा लागतो, तालीम अपुरी असली तर प्रॉम्प्टरवर एक कान ठेवून रडावंही लागतं. दुसऱ्या रात्री गाव वेगळं. याला कारकीर्द म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

कॅनडातलं स्ट्रॅटफर्ड हेही आडबाजूचंच गाव. तिथला नाट्यमहोत्सव १९५३ मध्ये तंबूत सुरू झाला. अभिनेत्री मार्था हेन्री १९६२ पासून त्या रंगमंचावर आली. तिने सिनेमेही केले, ‘डान्सिंग इन द डार्क’साठी तिकडचा मानाचा जिनी पुरस्कार मिळवला, पण तिचं घर स्ट्रॅटफर्डचा रंगमंचच राहिलं. २०२१ मध्ये ती गेली, तेव्हा तिथल्या शेवटच्या प्रयोगाला दोन आठवडेही झाले नव्हते. तिला कुणी ‘सिनेमात न रमलेली’ म्हणून हळहळलं नाही.

तिच्यात आणि मंडईतल्या हिरोईनमध्ये फरक प्रतिभेचा नाही, हे मला ठामपणे वाटतं. स्ट्रॅटफर्डचा तंबू चार वर्षांत पक्क्या नाट्यगृहात बदलला. त्यामागे संस्था उभी राहिली, कोणी कोणती भूमिका केली याची नोंद राहिली. आपल्याकडे मांडव सीझन संपला की उठतो आणि नटीचं काम त्याच्याबरोबर जातं. झाडीपट्टी गाजवणारे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. तेव्हा त्यांच्या हजारो प्रयोगांचा उल्लेख झाला, आणि तो योग्यच होता. त्या हजारो रात्री त्यांच्यासमोर बायको, बहीण, आई होऊन उभ्या राहिलेल्या बायकांची यादी कोणी केली आहे?

२०२२ मध्ये तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ आला आणि या रंगभूमीचं जग पडद्यावर गेलं. चांगलं झालं. पण एका सिनेमाने नोंदीचं काम होत नाही, आणि ते मुंबईने करावं अशी वाट पाहण्यातही अर्थ नाही. साकोलीत राहून डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी इथल्या झाडीबोलीसाठी ते काम केलंच ना? बोलीचा एकेक शब्द टिपून ठेवता येतो, तर बोलीत रात्र-रात्र उभ्या राहणाऱ्या नटीचं नाव, गाव, भूमिका आणि मानधनही टिपता येईल. मानधन मुद्दाम म्हणतो. पाहुण्याला किती आणि हिरोईनला किती, हे आकडे शेजारी-शेजारी लिहिले गेले की जिन्याची भाषा कोण कोणाच्या सोयीसाठी करतं, ते नाटक मंडळांनाही कळेल.