आमदार निलंबित झाला की गप्प कोण होतं?

५ जुलै २०२१. कोरोनाच्या काळातलं विधानसभेचं पावसाळी अधिवेशन दोनच दिवसांचं होतं. पहिल्याच दिवशी ओबीसी आरक्षणाच्या ठरावावरून गोंधळ झाला. तालिका अध्यक्ष भास्कर जाधव यांच्याशी त्यांच्या दालनात गैरवर्तन केल्याचा आरोप भाजपच्या १२ आमदारांवर झाला. त्यांनी तो नाकारला. मंत्री अनिल परब यांनी ठराव मांडला, आवाजी मतदान झालं आणि बाराही जण एका वर्षासाठी बाहेर. त्यात आमच्या जालना जिल्ह्यातल्या बदनापूरचे आमदार नारायण कुचे होते.

ही शिक्षा नेमकी झाली कुणाला?

त्या सप्टेंबरच्या शेवटी मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. सोयाबीन, कापूस पाण्यात गेला. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं, तेव्हा बदनापूरच्या वतीनं विधानसभेत प्रश्न विचारायला कुणीच नव्हतं. हा अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघ आहे. काही आवाज सभागृहात पोचलेच पाहिजेत, म्हणून तर जागा राखून ठेवतात. ज्यांनी कुचेंना मत दिलं त्यांचा आवाज गेला आणि ज्यांनी विरोधात दिलं त्यांचाही. आमदाराचा आवाज ही त्याची खासगी मालमत्ता नाही, ती लोकांनी त्याच्याकडे दिलेली ठेव आहे. ठेव सांभाळणारा चुकला तर त्याला जाब विचारा. पण ठेवच जप्त करून कसं चालेल?

याला उत्तर आहे, आणि ते हलकं नाही. पीठासीन अधिकाऱ्याला धक्काबुक्की, शिवीगाळ होऊ लागली तर कुणाचाच आवाज ऐकू येणार नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच विधानसभेच्या नियमांत गोंधळ घालणाऱ्याला त्या दिवसापुरतं किंवा उरलेल्या अधिवेशनापुरतं बाहेर काढायची सोय आहे. कामकाज सुरळीत चालावं, एवढाच तिचा हेतू. अधिवेशन दुसऱ्या दिवशी संपणार होतं. मग उरलेले बारा महिने कोणतं कामकाज सुरळीत होणार होतं?

२८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं हे निलंबन घटनाबाह्य ठरवलं. त्यामागचा हिशेब साधा आहे. सदस्य परवानगीशिवाय ६० दिवस गैरहजर राहिला तर सभागृह त्याची जागा रिकामी जाहीर करू शकतं. जागा रिकामी झाली की साधारण सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. म्हणजे आमदाराला कायमचं हाकललं, तरी लोकांना सहा महिन्यांत नवा माणूस मिळतो. वर्षभराच्या निलंबनात जुना बोलू शकत नाही आणि नवा निवडता येत नाही. हे निलंबन हकालपट्टीहून वाईट, असं न्यायालयानं म्हटलं ते यामुळेच. शिवाय काठावरचं बहुमत असलेल्या सरकारला असं हत्यार मिळालं, तर नकोसे आकडे कमी करणं फारच सोपं होईल.

आता थोडं मागे जाऊ. मार्च २०१७ मध्ये सत्ता भाजप-शिवसेनेची होती. शेतकरी कर्जमाफीसाठी अर्थसंकल्पाच्या वेळी गोंधळ घातला म्हणून काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या १९ आमदारांना ३१ डिसेंबरपर्यंत निलंबित करण्यात आलं. पुढे ते मुदतीआधीच मागे घेतलं गेलं. त्या १९ जणांत, तेव्हा राष्ट्रवादीत असलेले, भास्कर जाधवही होते.

दोन्ही वेळी सत्ताधारी बाकांवर शिस्तीची भाषा होती आणि विरोधी बाकांवर लोकशाहीच्या हत्येची. सरकार बदललं आणि भाषणांची अदलाबदल झाली. ‘त्यांनीही केलं होतं’ हे वाक्य आपल्याकडे युक्तिवाद म्हणून सर्रास चालतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर तर त्यावर चर्चाच संपते. पण २०१७ मध्ये ते चूक असेल, तर २०२१ मध्ये त्याची परतफेड करून चूक दुप्पट झाली, फिटली नाही. सुडाचा हिशेब पक्षांच्या वहीत मांडला जातो आणि त्याची वसुली होते मतदाराकडून, मग तो बदनापूरचा असो की जाधवांच्या गुहागरचा.

शिस्त आणि सूड वेगळे ओळखायला मी एकच गोष्ट बघतो: शिक्षेची गरज संपल्यावर शिक्षा थांबते का? थांबत नसेल, तर तिचा फायदा कुणाला होतोय हे विचारायला हवं. आणि हा प्रश्न आपल्याला नको असलेला आमदार बाहेर काढला जात असताना विचारायचा. आपला आमदार बाहेर गेल्यावर तर तो सगळेच विचारतात.