फॉरवर्ड संदेशाची सनद



चाकणच्या कारखान्यातून रात्रपाळी आटोपून आपला एखादा भाऊ घरी निघतो आणि मोबाईल उघडतो. दुसऱ्या दिवशी मतदान आहे. एक ध्वनिफीत आलेली असते आणि पाठविणारा आहे त्याचा पंचवक्ता नमाजी मामेभाऊ. ती पुढे पाठवावी काय? प्रश्न तंत्रज्ञानाचा भासतो, परंतु वस्तुतः तो ईमानदारीचा आहे.

महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी झाले. त्याच्या आदल्या दिवशी सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या नावाने बिटकॉइनच्या व्यवहारासंबंधी ध्वनिफिती पसरल्या. दोघांनीही त्या नाकारल्या. तथ्य-पडताळणी करणाऱ्यांना ते आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने बनविलेले असावेत असे आढळले. पण तोवर मतदानाची घटका येऊन ठेपली होती.

आता दुसरे उदाहरण पाहा. मे २०२४ मध्ये ओपनएआय या कंपनीने जाहीर केले की, इस्रायलमधील स्टोइक नावाची एक व्यावसायिक संस्था आपल्या लोकसभा निवडणुकीविषयी सत्ताधारी पक्षावर टीका करणारा आणि काँग्रेसची स्तुती करणारा मजकूर तयार करीत होती. पहिली फीत एका पक्षाच्या सोयीची होती, तर हा मजकूर दुसऱ्याच्या. आपली खरी परीक्षा येथेच होते. जो मजकूर आपल्या मनाला सुखावतो, तो कोणी आणि कशासाठी लिहिला, हे आपण विचारतो काय?

सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत बातमीची शहानिशा करण्याची आज्ञा आहे, अन्यथा अजाणतेपणी एखाद्या समूहाला इजा पोहोचेल आणि पश्चात्ताप पदरी येईल. मुफस्सिरांनी या संदर्भात बनू मुस्तलिक या कबिल्याविषयी आलेल्या चुकीच्या बातमीचा प्रसंग सांगितला आहे. त्या बातमीवर विसंबून पाऊल उचलले गेले असते, तर निरपराधांचे रक्त सांडले असते.

आपण म्हणाल, ‘माझा मामेभाऊ तर खोटारडा नाही.’ मान्य आहे. परंतु मुहद्दिसांनी केवळ शेवटच्या रावीचा सच्चेपणा कधीच पुरेसा मानला नाही. त्यांनी संपूर्ण सनद तपासली आणि एक कडी तुटलेली आढळली तरी रिवायत दुर्बळ ठरविली. व्हॉट्सअॅपवर ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेले’ अशी खूण दिसते, तेव्हा मूळ रावी अज्ञात आहे असेच ती सांगत असते. मामेभावाची नमाज त्या अज्ञात माणसाची जामीन होऊ शकत नाही.

मग अन्याय दिसला तरी मौन पाळावे काय? मुळीच नाही. साक्ष लपविणे हाही गुन्हाच आहे. परंतु साक्ष म्हणजे स्वतः पाहिलेले, आणि फॉरवर्ड म्हणजे कोणीतरी ऐकविलेले. आपल्या भोसरीच्या वा पिंपरीच्या केंद्रावर पैसे वाटताना आपण कोणाला पाहिले, तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल अॅपवर छायाचित्रासह तक्रार करा. मतदार यादीविषयी शंका असल्यास १९५० या क्रमांकावर विचारा. ज्या पक्षाचा आपल्याला तिटकारा आहे, त्याच्याविरुद्धची फीतही त्याच तराजूत तोला. एखाद्या समूहाविषयीच्या वैरामुळे न्याय सोडू नका, ही ताकीद सूरह माइदामध्ये आपल्यालाच केलेली आहे.

मत ही अमानत आहे. आपल्या शेजाऱ्याचे मतही त्याच्यापाशी असलेली अमानतच आहे, आणि खोट्या फितीने ते वळविणे ही त्या अमानतीत खियानत होय. अंगठा उचलण्यापूर्वी क्षणभर थांबा. कान, डोळे आणि अंतःकरण या सर्वांचा हिशेब होणार आहे. अल्लाह आपणा सर्वांना सत्यावर दृढ ठेवो. आमीन.