फोटोखालची तारीख

निसर्गाचे फोटो काढणाऱ्या बहुतेकांची एक इच्छा असते. चौकटीत माणूस नको, गाडी नको, विजेची तार नको. डोंगर आणि समुद्र अनादिकाळापासून जसे आहेत तसेच दिसावेत. इच्छा समजण्यासारखी आहे, पण तिच्यापायी फोटोतून काळच हद्दपार होतो आणि जागेची खरी गोष्ट हरवते, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेच्या ईशान्येला, मेन राज्यातल्या अकेडिया राष्ट्रीय उद्यानाचे फोटो बघताना ते मला फार जाणवतं.

अकेडियात डोंगर आणि समुद्र एकाच चौकटीत मावतात. तिथला सर्वांत उंच कॅडिलॅक डोंगर ४६६ मीटरचा, सह्याद्रीच्या मानाने ठेंगणाच. पण माथ्यावर उभं राहिलं की अटलांटिक आणि त्यातली झाडीने भरलेली बेटं थेट खाली दिसतात. बोस्टन, न्यू जर्सीकडची मराठी कुटुंबंही ऑक्टोबरात इकडे ‘फॉल’ बघायला येतात. लाल-केशरी-पिवळ्या झाडांचे ते फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

त्या रंगांना तारीख आहे. १९४७ साली तिथे पावसाने ओढ दिली. १७ ऑक्टोबरला बार हार्बर गावाजवळ आग लागली, पुढे वाऱ्याने भडकली आणि उद्यानाचा बराचसा भाग ज्या बेटावर आहे त्या बेटावरचं १७ हजार एकरांहून अधिक क्षेत्र जळालं. त्यातलं १० हजार एकरांहून जास्त उद्यानातलं होतं. तोवर तिथे बारमाही हिरव्या स्प्रूस आणि फरचं दाट रान होतं. ते गेलं, जमिनीवर ऊन आलं आणि उन्हात झपाट्याने वाढणारे बर्च व ॲस्पेन उगवले. बेटाच्या पूर्वेकडच्या उतारांवरचं पिवळं सोनं बरंचसं या आगीचं देणं आहे. आता ते बर्च म्हातारे होत आहेत आणि त्यांच्या सावलीत स्प्रूस-फर पुन्हा वर येत आहेत. म्हणजे आज टिपलेला तो उतार एका मोठ्या बदलाच्या मधला टप्पा आहे. फोटो मात्र बघणाऱ्याला सांगतो, हे असंच होतं आणि असंच राहील.

आपण जिथे उभे राहून फोटो काढतो ती जागाही कुणीतरी ठरवलेली आहे. जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांनी १९१३ ते १९४० या काळात इथे घोडागाड्यांसाठी सुमारे ७० किलोमीटरचे रस्ते आणि दगडी पूल बांधून घेतले. कुठल्या वळणावर तळं दिसावं, कुठे झाडी मोकळी होऊन समुद्र समोर यावा, याचा विचार त्या आखणीत होता. त्यांची दृष्टी चांगली होती, म्हणून आपले फोटो चांगले येतात. हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

समुद्राच्या बाबतीत काळ पुसण्याचं काम यंत्रच करतं. ऑटर क्लिफजवळ गोल धोंड्यांचा एक किनारा आहे. तिथे ट्रायपॉड लावून, भिंगावर काळा फिल्टर चढवून, शटर तीस सेकंद उघडं ठेवतात. लाटांचं धुकं होतं. दिसायला सुंदरच, मीही असे फोटो आवडीने पाहतो. पण प्रत्यक्षात लाट परत फिरते तेव्हा ते धोंडे एकमेकांवर घासत गडगडतात, आणि याच घासण्यातून त्यांना गोलाई आली आहे. धुक्यात नेमकं तेच दिसत नाही. शेजारचा कडा जवळून पाहावा. वर दगडफुलांचे करडे-पिवळे डाग, खाली काळा पट्टा, त्याखाली बार्नॅकलचा पांढरा पट्टा, सर्वांत खाली तपकिरी शेवाळ. तीन मीटरहून अधिक चढउतार करणाऱ्या भरती-ओहोटीने दगडावर ठेवलेली ही नोंद आहे. कोकणातल्या माणसाला ती न सांगता वाचता येईल.

या नोंदींची गरज वाढते आहे. मेनच्या आखाताचं पाणी जगातल्या बहुतेक समुद्रांपेक्षा वेगाने तापतं आहे. जानेवारी २०२४ मध्ये तीन दिवसांच्या अंतराने दोन वादळं आली. सीवॉल भागातला रस्ता उखडला, किनाऱ्यालगतच्या पायवाटांचं नुकसान झालं. वादळाआधी किनारा नेमका कसा होता हे पडताळायला तारीख असलेले साधे फोटो कामाला येतात. धुक्याच्या समुद्राचा बिनतारखेचा फोटो येत नाही.

तेव्हा अकेडियाला जा, कोकणातल्या एखाद्या कड्यावर जा, फोटो भरपूर काढा. धोंडा उचलून आणू नका, अकेडियात त्याला बंदीच आहे. आणि फोटो कुणाला दाखवाल तेव्हा खाली दिवस, वेळ, आणि भरती होती की ओहोटी एवढं लिहा. दिवस-वेळ मोबाइल नोंदवून ठेवतो. भरती-ओहोटी तुम्हालाच लिहावी लागेल.